हतनूरची सात घरटी एप्रिलमध्ये गेली, ती कुणाच्याच गणनेत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जानेवारीत तुमच्या जळगाव पानावर एक बातमी येते, तापीवरच्या हतनूर धरणावर पक्षीगणना झाली, अमुक इतक्या जातींचे पक्षी दिसले, आणि सोबत पट्टकादंब नाहीतर चक्रवाकाचा मस्त फोटो. मी ती बातमी कापून ठेवते. पण त्यानंतर थेट पुढच्या जानेवारीपर्यंत हतनूरची बातमी म्हणजे फक्त दरवाजे, ४१ पैकी किती उघडले, किती क्युसेक सोडलं, नाहीतर जलपर्णी किती माजली. मधल्या अकरा महिन्यांत त्या काठावर काय होतं, कोण येतं, कोण काय टाकून जातं, कोणाची अंडी जातात, हे कुठेच येत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय मला माहितीय, कापायचं असेल तर कापा, पण एप्रिलचा भाग कापू नका प्लीज.

मी भुसावळची. झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या भिशीच्या बायकांची कोकणात ट्रिप गेली, त्यात एक मुक्काम वेळासला होता, रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात, कासवांचं गाव म्हणतात ते. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम चालू आहे, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने सुरू केलं आणि मग गावाने ते आपलं मानलं. त्याच्या आधी अंडी कोल्हे-कुत्रे खायचे आणि माणसंही उकरून न्यायची. आता कासवीण रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून जाते, पहाटे गावातली माणसं किनारा चालत जाऊन तिच्या पायांचा माग शोधतात, अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून ठेवतात, त्यावर तारखेची पाटी लावतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर आली की टोपली उचलून समुद्राकडे सोडतात. आम्ही सकाळी ७ ला जाऊन बघितलं, तळहातात मावेल एवढं पिल्लू, ओल्या वाळूवर टुकूटुकू जातंय, लाट आली की मागे ढकललं जातंय, परत निघतंय. बायका रडल्या अक्षरशः. फोटो सगळ्यांनी काढले.

पण मला या कामाकडे घेऊन आली ती दुसरीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी झोप लागेना म्हणून मी पहाटेच किनाऱ्यावर गेले, तर गावातला एक मुलगा गस्त घालून परत येत होता आणि टॉर्चच्या उजेडात वहीत काहीतरी लिहीत होता. मी विचारलं आज किती मिळाली, तर म्हणाला आज काही नाही. मग लिहितोस काय रे? तर त्याने वही दाखवली. तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत चाललो, घरटं शून्य, कुत्री ४, नवीन लाईट लागलीय अमुक हॉटेलच्या बाजूला, मेलेलं काही नाही, जाळ्याचा तुकडा १. म्हणाला ताई, शून्य लिहिलं नाही तर पुढे कुणाला कळणारच नाही की आज आलं नाही का आम्हीच आलो नाही. आणि लाईट का लिहिली, तर पिल्लं उजेडाकडे जातात, समुद्रावरचा उजेड सोडून हॉटेलच्या दिव्याकडे वळली की संपलं.

हे माझ्या डोक्यात बसलं. नुसतं कासव मोजत नव्हता तो, माणसं काय करतात तेही लिहीत होता. २०२२ च्या जानेवारीत त्याच वेळासच्या किनाऱ्यावर प्रथमा नावाच्या कासविणीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, शास्त्रज्ञांनी ती समुद्रात कुठे कुठे जाते ते बघितलं, पेपरला मोठी बातमी आली होती, भारी काम आहे ते. पण कासवीण रात्री किनाऱ्यावर येते तेव्हा ती बघायला तिथे जागं माणूस लागतं, आणि ते माणूस गावातलंच असतं.

परत आल्यावर इकडे सांगितलं तर पहिला प्रश्न, आपल्याला कुठे समुद्र आहे? बरोबर आहे, खान्देशाला समुद्र नाही. पण तापी आहे ना. मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतजवळ समुद्रालाच मिळते. चांगदेवला पूर्णा तिला मिळते, तिथून खाली हतनूरचं धरण, मग शेळगाव, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई आणि मग खंभातचं आखात. आपल्या काठावर पडलेली गुटख्याची पुडी पावसाळ्यात दरवाजे उघडले की निघाली प्रवासाला. कोकणातले लोक किनारा झाडतात आणि आपण वरून टाकत राहायचं, असं कसं चालेल.

आणि दुसरं म्हणजे हतनूरचा फुगवटा, म्हणजे धरणामागे साचलेलं पाणी, हाच आपला किनारा आहे. पाणी चढतं उतरतं, गाळ उघडा पडतो, टापू तयार होतात, चिखलात शेकाट्या, तुतारी, चिखले फिरतात, हिवाळ्यात बदकं उतरतात, तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी, शिवाय कांड्या करकोचेही. हतनूर हे महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून देशाच्या यादीत आहे हे भुसावळमधल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, तिथे लोक गाड्या करून जातात, आपल्याकडे वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे तर कुणी जात नाही.

तर मी दुकानात एक फॉर्म बनवला, पन्नास झेरॉक्स काढल्या आणि दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी फुगवट्याचा एकच दोन किलोमीटरचा तुकडा चालायला लागले. सोबत माझी मुलगी, शेजारचे एक लोको पायलट भाऊ ज्यांची ड्युटी असेल तर ते नसतात, आणि एक रिटायर्ड सर. तुकडा बदलायचा नाही, वेळ बदलायची नाही, सूर्योदयापासून दोन तास. मोजायचं कसं ते आम्हाला वरणगावच्या चातक संस्थेच्या मंडळींच्या सोबत जानेवारीच्या गणनेत फिरून कळलं. ही गणना आशियाभर होते, आपल्या देशात १९८७ पासून, सगळे स्वतःच्या खर्चाने येतात, पहाटे थंडीत उभे राहतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे, हे पत्र त्यांच्याविरुद्ध नाही. त्यांनीच शिकवलं की पाण्यावर हजारभर वारकरी पक्षी बसलेले असले की एकेक मोजायला जायचं नाही, आधी दहा मोजायचे, दहा किती जागा घेतात ते डोळ्यात धरायचं, मग तेवढे तेवढे तुकडे पुढे टाकत जायचं, आणि थवा उडाला तर अंदाजाने फुगवून लिहायचं नाही, उडाला असं लिहायचं. माझी मुलगी माझ्यापेक्षा फास्ट मोजते आता.

आमच्या फॉर्मात पक्ष्यांच्या रकान्यांएवढेच रकाने माणसांचे आहेत. जाळी किती, कुत्री किती, गुरं किती, ट्रॅक्टर, वाळूची गाडी, गाळपेऱ्याच्या (पाणी उतरल्यावर गाळात केलेल्या शेतीच्या) डांगरवाड्या कुठपर्यंत आल्या, मोटरी किती लागल्या, कॅमेरावाले किती आणि थवा उडवला का. शेवटचा रकाना मला मुद्दाम टाकावा लागला. तोंडाने पक्षीप्रेम म्हणायचं आणि उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून थव्याच्या अंगावर जायचं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी तीनदा बघितलंय. पट्टकादंब म्हणजे हिमालय ओलांडून आलेला हंस, त्याला दिवसभर चरू द्या ना, एकदा उडवला की परत बसायला अर्धा तास लागतो, दिवसातून पाच जण आले तर तो खाणार कधी?

सुरुवातीला मासेमारी करणारे दादा लोक आमच्यावर चिडले होते, ते सांगायलाच पाहिजे. एकजण आला, काय मोजून राह्यले ताई? म्हटलं पक्षी. मग फॉर्म बघितला, वाचता येत होतं त्याला. अन् आमचे जाळे बी मोजून राह्यले का? कोणाले देणार हे? बरोबरच आहे त्याचं, बाहेरून चार लोक येऊन तुमच्या पोटाच्या धंद्याची नोंद करायला लागले तर कुणालाही भीती वाटेल की उद्या कंप्लेंट होईल, बंदी येईल. त्या दिवशी आम्ही तिथेच ठरवलं की नाव कुणाचंच लिहायचं नाही, फक्त आकडा, आणि फॉर्म झाला की आधी त्यांना वाचून दाखवायचा. दोन महिन्यांनी तोच दादा आम्हाला सांगायला लागला की ताई तिकडच्या कोपऱ्यात जुनं जाळं अडकून पडलंय, लिहून घ्या. आज तो आमच्यात पाचवा आहे, आणि खरं सांगते आम्हा चौघांना मिळून जेवढं दिसत नाही तेवढं त्याला एकट्याला बिना दुर्बिणीचं दिसतं.

कचऱ्याचं पण सांगते कारण त्यात आमची समजूत चुकीची निघाली. जगात सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी किनारा सफाई होते, १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासला सुरू झाली, त्यात कचरा नुसता उचलत नाहीत, काय आहे ते एकेक करून लिहितात. आम्ही तसंच केलं. मला वाटलं होतं वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, पिकनिकवाल्यांचा कचरा जास्त निघणार, आणि प्रत्येकजण त्यांनाच शिव्या घालतो. तो निघालाच, गुटख्याच्या पुड्या तर विचारूच नका, गणपतीनंतर निर्माल्याच्या पिशव्या आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे हात-पाय निघाले. पण सगळ्यात जास्त काय निघालं तर शेतातलं प्लास्टिक. ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, मल्चिंग पेपरच्या चिंध्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, आणि केळीच्या घडाला घालतात त्या स्कर्टिंग बॅगा. माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीचं घर आहे. मी त्या बॅगा लहानपणापासून बघत आलेय, बांधाला टाकायच्या, पावसात नाल्यात जायच्या, पुढे कुठे जातात कुणी बघितलं? चिखलात अर्धी रुतलेली ती बॅग ओढून काढताना मला माझा स्वतःचा मळा दिसला. भावाला फोन करून बोलले त्याच दिवशी. आता तो गोळा करून भंगारवाल्याला देतो, सगळ्याच घेत नाही तो भंगारवाला, पण बांधावर तरी पडत नाहीत. मोजलं नसतं तर मी आजही पिकनिकवाल्यांना नावं ठेवत बसले असते.

आता एप्रिल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पाणी उतरलं तसा आमच्या तुकड्यासमोर एक टापू उघडा पडला, गाळ आणि वाळूचा, क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडा मोठा असेल. त्यावर नदी सुरय बसायला लागले. नदी सुरय म्हणजे पिवळीधमक चोच, काळी टोपी, दुभंगलेली लांब शेपटी, पाण्यावरून खालवर होत जातो आणि सूर मारून मासा उचलतो. जगात हा पक्षी कमी होत चाललाय, धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, आणि कारण सोपं आहे, तो घरटं बांधतच नाही. उघड्या वाळूत नुसती एक खळगी करतो आणि त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. पाय ठेवलात तरी दिसणार नाहीत. मार्च ते मे, म्हणजे नेमकं जेव्हा नदीत वाळूच्या गाड्या, डांगरवाड्या, पोहायला येणारी पोरं आणि गुरं सगळं एकदम उतरतं.

आम्ही टापूवर गेलो नाही, काठावरून दुर्बिणीनेच बघायचो, बसलेला पक्षी म्हणजे एक घरटं असं धरायचं. एप्रिलच्या पहिल्या रविवारी सात होती. भुसावळचं ऊन तुम्हाला सांगायला नको, एप्रिलमध्येच ४३-४४ ला जातं. सकाळचे नऊ वाजले असतील, एक सुरय उठला, पाण्यावर गेला, पोट पाण्यात टेकवलं दोन-तीनदा, आणि तसाच ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसला. परत थोड्या वेळाने तेच. मुलगी म्हणाली मम्मी तो अंड्यांना पाणी आणतोय. खरंच तेच होतं, उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून ते पिसं भिजवून आणतात. म्हणजे विचार करा, कुणी जवळ जाऊन तो पक्षी पंधरा-वीस मिनिटं उठवून ठेवला तर त्या उन्हात अंड्यांचं काय होईल. आम्ही त्या दिवशी फोटोसुद्धा ग्रुपवर टाकला नाही, जागा कळू नये म्हणून.

अंडी उबायला साधारण तीन आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात पाणी झपाट्याने खाली गेलं, आवर्तन सुटलं होतं. टापू आणि काठ यांच्यामध्ये पंधरा-वीस फूट रुंदीचं पाणी होतं ते गेलं, ओला गाळ राहिला, मग तोही वाळला. टापू आता टापू राहिला नाही, काठाला जोडला गेला. आम्ही तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा लांबूनच कळलं, सुरय वर घिरट्या घालत ओरडत होते आणि एकही बसलेला नव्हता. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा चालत तिथे गेलो. गाळावर कुत्र्यांच्या पावलांची ओळ, सरळ काठावरून आलेली, जणू रस्ताच. एका खळगीत टरफलाचा अर्धा तुकडा होता, आतून पांढरा, बाहेरून ठिपक्यांचा, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. बाकी सहा खळग्या रिकाम्या. सरांनी वहीत लिहिलं, नदी सुरय, घरटी शून्य, कुत्र्यांचे माग, टापू जोडला गेला. मुलगी परत येताना गाडीत काहीच बोलली नाही.

मला कुत्र्यांचा राग नाही आणि धरणातून पाणी सोडणाऱ्यांचाही नाही. गावांना प्यायला पाणी पाहिजे, केळीला पाहिजे, दीपनगरच्या वीज केंद्राला पाहिजे, रेल्वेला पाहिजे, पाणी अडवून ठेवा असं मी कशाला म्हणेन. पण पाणी किती तारखेला किती उतरणार हे कुणाला तरी आधी माहीत असतं ना? ते आम्हाला चार दिवस आधी कळलं असतं तर त्या पंधरा-वीस फुटांच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या लावल्या असत्या, आळीपाळीने कुणी बसलं असतं, मासेमारीवाले दादा तर म्हणाले मी रात्री थांबलो असतो. चंबळ नदीवर पाणचिरा नावाचा पक्षी असाच वाळूवर अंडी घालतो, तिथे बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) नदीकाठच्या गावातलेच लोक घरट्यांच्या राखणीला ठेवलेत. म्हणजे हे होऊ शकतं, कुठेतरी होतंय.

आम्ही गप्प बसलो नाही. मे महिन्यात वहीच्या सगळ्या पानांची झेरॉक्स काढून, वर अर्ज लावून, एका ऑफिसात दिली. नाव लिहीत नाही, मला कुणाशी भांडण करायचं नाही. तिथल्या साहेबांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले हे विहित नमुन्यात नाही. म्हटलं साहेब विहित नमुना द्या, माझं झेरॉक्सचंच दुकान आहे, सगळं त्यात उतरवून आणते. तर असा नमुनाच नाही म्हणे. मग दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथून सांगितलं पक्षी आमच्याकडे येत नाहीत, पाणी आमच्याकडे येतं. तिसरीकडे गेलो तर पाणी त्यांच्याकडे नव्हतं. अर्जाची पोच मिळाली, शिक्का आहे, बाकी आजपर्यंत काही नाही. साध्या माणसाने स्वतःच्या पेट्रोलने दोन वर्षं लिहिलेली वही आहे ती, निदान वाचायला काय हरकत होती हो?

अजून एक प्रसंग आहे, तो लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. डिसेंबरमध्ये एक सुरय पाण्यातल्या नायलॉन जाळ्यात अडकला, चालू जाळं होतं, आमच्या त्याच दादाचं. पंखात तीन-चार पीळ बसलेले, जितका फडफडेल तितकं घट्ट होत होतं, चोच उघडी, आवाज नाही. दादाने एका हातात त्याला असं धरलं जसं आपण तान्ह्या बाळाची मान धरतो, आणि दुसऱ्या हाताने सोडवायला गेला पण दोरा पिसांच्या मुळापर्यंत रुतलेला. मग त्याने खिशातून ब्लेड काढलं आणि जाळं कापलं. एकदा नाही, चार ठिकाणी. बाराशे रुपयांचं जाळं होतं, महिनाभरापूर्वी घेतलेलं. पक्षी थोडा वेळ त्याच्या गुडघ्यावर बसून राहिला आणि मग उडाला, थोडा तिरका, पण उडाला. मी म्हटलं दादा पैसे मी देते, तर घेतले नाहीत.

समुद्रावर अशा कोळी बांधवांसाठी सरकारची योजना आहे, २०१८ च्या डिसेंबरपासून. कासव, डॉल्फिन, देवमासा असा संरक्षित जीव जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडून दिला तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष मिळून देतात, त्यामुळे कोळी स्वतःहून फोटो काढून कळवतात आणि कुठे काय अडकलं याची नोंदही होते. मग धरणावरच्या भोई माणसाने काय घोडं मारलंय? त्याला २५ हजार नकोत, जाळ्याची किंमत द्या फक्त. म्हणजे तो ब्लेड काढताना विचार करणार नाही, आणि ज्यांच्यापर्यंत आम्ही पोचत नाही ते पण सांगायला पुढे येतील.

संपादक साहेब, माझं मागणं मोठं नाही. आता फेब्रुवारी चालू आहे, टापू पूर्ण उघडे पडायला महिना-दीड महिना आहे. तुमच्या पेपरात धरणाचा पाणीसाठा रोज छापता, त्याच चौकटीत उन्हाळी आवर्तन कधी सुटणार आणि पातळी किती उतरणार हे चार दिवस आधी छापता आलं तर बघा, तुमच्या वार्ताहराने विचारलं तर त्यांना आमच्यापेक्षा लवकर उत्तर मिळेल. आणि महिन्यातून एकदा, कोपऱ्यात चार ओळी, हतनूरच्या काठावर काय दिसलं, पक्षी आणि माणसं दोन्ही. आम्ही लिहून पाठवू, फुकट. शून्य असेल तर शून्य छापा.

ज्या विभागांकडे हे काम येतं त्यांनी मिळून एक साधा फॉर्म ठरवावा, आमचा नको असेल तर त्यांचा चालेल, पण एक काय ते ठरवा, आणि मार्च ते मे टापूंकडे वाळूची गाडी आणि तराफा जाणार नाही एवढं बघा. जाळ्याच्या भरपाईचं वर लिहिलंच आहे.

आणि वाचकांना, म्हणजे प्रकाशा, सारंगखेडा, शेळगाव, जिथे जिथे तापीवर बंधारा आहे तिथल्या लोकांना सांगायचंय, दोन किलोमीटरचा तुकडा घ्या, जास्त नको, जास्त घेतला की तीन महिन्यांत सुटतो. पक्ष्यांची नावं येत नसली तरी सुरू करा, पहिले तीन महिने आम्ही तुतारीला चिखल्याच लिहीत होतो, नंतर दुरुस्त केलं. दुर्बीण नसेल तर कुत्री, जाळी, गाड्या, कचरा हे तर डोळ्यांनी दिसतं. शाळा-कॉलेजवाल्यांनी पोरांना जरूर आणा, फक्त टापूवर उतरू देऊ नका आणि स्पीकर आणू नका.

मार्चच्या तिसऱ्या रविवारच्या फेरीला या, उजाडताना. फॉर्म माझ्या दुकानात मिळेल, पत्ता मी तुमच्या ऑफिसला वेगळा कळवलाय, विचारणाऱ्याला द्यायला हरकत नाही. पैसे लागत नाहीत. दादाने काल सांगितलं की तो टापू परत डोकं वर काढायला लागलाय, आणि दोन सुरय त्याच्यावरून फिरून गेले.

आपली नियमित वाचक,
भुसावळ, जि. जळगाव